नाना परिमळद्रव्ये: यात परिमळ नेमका कुठाय?

ओसरी | रविवार, रात्री १०.५०

परवा घरी सत्यनारायण झाला. गुरुजींच्या यादीप्रमाणे पूजेचा पुडा आणला होता. त्यात बोटभर लांबीच्या सहा पुड्या: हळद, कुंकू, अबीर, गुलाल, शेंदूर, अष्टगंध. पूजेत एका टप्प्यावर गुरुजी म्हणाले, ‘आता नाना परिमळद्रव्ये’, आणि चिमूट चिमूट सगळं वाहायला लावलं. पुटपुटत नव्हते, खणखणीत म्हणत होते, म्हणून श्लोक लक्षात राहिला:

अबीरं च गुलालं च हरिद्रादिसमन्वितम् ।
नानापरिमलं द्रव्यं गृहाण परमेश्वर ॥

रात्री आवराआवर करताना सहज एकेक पुडी नाकाशी धरली. हळदीला हळदीचा वास. कुंकवाला काहीच नाही. गुलालाला स्वस्तातल्या टाल्कम पावडरचा. शेंदराला तेलाचा. अबीर (आमच्याकडे काळा असतो) बऱ्यापैकी उदबत्तीसारखा. अष्टगंधाचा वास इतका उग्र, की पुडी गॅलरीत नेऊन ठेवली.

म्हणजे सहापैकी जेमतेम दोन ‘परिमळ’. मग सगळ्याला मिळून परिमळद्रव्य का म्हणायचं? की परिमळ म्हणजे नुसता ‘वास’ नव्हेच? जाणकारांनी उजेड पाडावा.

भेळभत्ता | रात्री ११.०२

आमच्या कॉलनीतल्या ‘परिमल’ सोसायटीच्या खालून नाला वाहतो. त्यामुळे माझा या शब्दावर आधीच विश्वास नाही.

(खुर्ची टाकून बसलोय.)

निवृत्त_मास्तर | रात्री ११.४०

ओसरीताई, प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. झोपायच्या आधी थोडक्यात लिहितो.

अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, वासांचे शब्द एका ओळीत दिलेले आहेत आणि त्यांत फरक केलेला आहे. ‘विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे । आमोदः सोऽतिनिर्हारी’. विमर्द म्हणजे चोळणं, घासणं, चुरडणं. घासल्यावर जो उठतो आणि माणसाचं मन ओढतो, तो परिमल. तोच लांबवर पसरला की आमोद. म्हणजे फांदीवरच्या फुलाचा वाऱ्यावर येतो तो परिमल नाही. सहाणेवर खोड फिरवलं, की जो येतो तो परिमल. दवणा नुसता हातात धरा आणि मग बोटांत चुरडून बघा. त्या दोन वासांत जो फरक पडतो, तो अमरसिंहाला अभिप्रेत आहे.

आता तबकातल्या वस्तू बघा. सगळ्या कुटून, दळून, उगाळून केलेल्या. फुलं आणि धूप यांचे उपचार वेगळे आहेत, ते ‘परिमळद्रव्यां’त येत नाहीत. तेव्हा वर्गवारी चुकलेली नाही. माल बदललाय.

सोलापुरी_चादर | सोमवार, सकाळी ७.१५

मास्तरांचं ‘माल बदललाय’ अगदी बरोबर. कुंकवाचंच घ्या. आमच्या सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे कुंकवाचं गाव. तिथलं कुंकू हळदीपासून होतं. हळद लाल व्हायला खाराचा आणि आंबटाचा संस्कार लागतो, त्यात हळदीचा वास उडून जातो. पण संस्कृतात ‘कुंकुम’ म्हणजे हे नव्हेच. कुंकुम म्हणजे केशर. अमरकोशातच त्याला ‘काश्मीरजन्म’ असा पर्याय आहे. केशर परवडेना, मिळेना, तेव्हा रंग ठेवला, नाव ठेवलं आणि हळदीवर भागवलं. नाव वासाचं, वस्तू रंगाची.

आणखी एक. आमच्याकडे घरात मराठी, अंगणात कन्नड. कन्नडात ‘परिमळ’ हा पुस्तकी शब्द नाही. उदबत्तीच्या पुड्यावर असतो, मुलीचं नाव असतं. मंत्रालय या गावी राघवेंद्रस्वामींच्या मठात जो गोड प्रसाद मिळतो त्याचं नावही ‘परिमळ प्रसाद’. माझ्या आजोळी मोगऱ्याचा गजरा आणला की आजी परिमळच म्हणायची. मराठीत मात्र कोणी म्हणताना ऐकला नाही. आपल्याकडे तो कवितेत आणि नाल्याकाठच्या सोसायटीत.

मस्कतवासी | सकाळी ९.०५

माझ्या ऑफिसात अबीर नावाची एक ओमानी मुलगी आहे. पहिल्या दिवशी नाव ऐकून मला पंढरपूरच आठवलं. तिला विचारलं तर म्हणाली, ‘अबीर म्हणजे सुगंध’. अरबीत आज कुठल्याही मंद सुवासाला अबीर म्हणतात. जुन्या अरबीत तो एका ठरावीक मिश्रणाला म्हणत, केशर घालून केलेल्या उटीसारख्या.

म्हणजे ओसरीताईंच्या गुरुजींच्या श्लोकात पहिलाच शब्द अरबी! ‘अबीरं’, वर अनुस्वार देऊन नपुंसकलिंगी द्वितीया. दुसरा ‘गुलालं’, त्यातला ‘गुल’ फारसी. ‘हरिद्रा’ हा तिसरा तेवढा घरचा.

चिंचेचं_बन | सकाळी ९.३०

मग सरळ म्हणा की श्लोक बाटलेला आहे. पूजेत परकीय शब्द घुसवणारे गुरुजी बदला.

निवृत्त_मास्तर | सकाळी ९.५२

चिंचेचं बन, गुरुजी राहू द्या. श्लोक नवा आहे इतकंच म्हणा. पूजेतले असले पौराणिक श्लोक वेळोवेळी रचले गेले. ज्याने हा रचला त्याच्या गावच्या बाजारात अबीर-गुलाल मिळत होता. देवाला उत्तमातलं उत्तम द्यायचं, तर बाजारातलं उत्तम जे असेल ते द्यायचं. त्या माणसाने परका शब्द घेतला, त्याला संस्कृतची विभक्ती लावली आणि देवापुढे ठेवला. मला तर त्याचं कौतुक वाटतं.

आणि तुमचाच आवडता अभंग आहे ना ‘अबीर गुलाल उधळीत रंग’? चोखोबांचा.

चिंचेचं_बन | सकाळी १०.१०

अभंग तोंडी परंपरेने आलेत. चौदाव्या शतकात तोच शब्द होता हे कशावरून? मागाहून गाणाऱ्यांनी घातला असेल.

निवृत्त_मास्तर | सकाळी १०.३४

असेल. पण मग गाणाऱ्या वारकऱ्यांनीच ‘अबीर’ आपला मानला असं ठरतं. माझा मुद्दा उलट पक्काच होतो.

भेळभत्ता | सकाळी १०.३५

मास्तर १, बन ०.

फाया | दुपारी १.२०

बरेच दिवस नुसतं वाचतोय. आज घरचाच विषय निघाला म्हणून लिहितो.

आमचं आडनाव अत्तार. सातारा जिल्हा. आजोबा जत्रांतून पेटी घेऊन फिरायचे. लाकडी पेटी, आत मखमलीचे कप्पे, कप्प्यांत बोटाएवढ्या कुप्या: हिना, केवडा, मोगरा, वाळा, गुलाब. काडीला कापूस गुंडाळून त्यावर एक थेंब. तो ‘फाया’ कानाच्या पाळीच्या वरच्या खाचेत बसवायचा. गिऱ्हाइकाच्या मनगटावर लावताना आजोबा नेहमी म्हणायचे, ‘घासू नका, बसू द्या’. आता मास्तरांचं वाचून गंमत वाटली. चंदन घासल्याशिवाय येत नाही आणि अत्तर घासलं की त्यांच्या मते बिघडतं.

अरबीत ‘इत्र’ म्हणजे सुगंध, त्याचं आपण अत्तर केलं. आणि ‘अत्तार’ म्हणजे ते विकणारा. पण जुना अत्तार नुसतं अत्तर विकत नसे. औषधी मुळ्या, केशर, कापूर, मसाले, सगळंच त्याच्याकडे. फारसी कवी फरीदुद्दीन अत्तार याचं नाव त्याच धंद्यावरून पडलेलं.

आणि गंमत म्हणजे ‘गांधी’ हे आडनाव अगदी शब्दशः तेच! संस्कृत ‘गांधिक’, गंध विकणारा. गुजरातेत गांधी म्हणजे किराणा आणि जडीबुटीवाला, औषधी मालाला तिथे ‘गांधियाणुं’ म्हणतात. म्हणजे अत्तार आणि गांधी हे एकाच दुकानाचे दोन फलक. शाळेत मला हे माहीत असतं तर दोन ऑक्टोबरच्या भाषणात चांगला भाव खाल्ला असता.

लेणीफिरस्ता | दुपारी २.०५

फाया, लाख बोललात. तुमच्या धंद्याचा पुरावा दोन हजार वर्षांच्या घरातला आहे आणि तोही आपल्या लोणावळ्याजवळ.

कार्ल्याच्या चैत्यगृहावर दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत एक गांधिक आहे. धेनुकाकटचा गांधिक सिंहदत्त, त्याने दरवाजा दान दिला. लेखातला शब्द प्राकृत, ‘गंधिकस’. बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनाला जातात आणि लेण्यात सेल्फी काढून निघतात. दारापाशी जरा थांबा. ज्या दरवाजातून आपण आत जातो तिथे एका अत्तरवाल्याचं नाव आहे. एवढं दान द्यायचं म्हणजे धंदा बरकतीचा असणार.

शून्य_बाकी | दुपारी २.४०

बरकतीचा होताच. पंचतंत्रात धंद्यांची तुलना आहे, त्यात म्हटलंय की सगळ्या मालात गांधिकाचा माल श्रेष्ठ, सोन्याबिन्याचं काय घेऊन बसलात; एकाला घेतलेलं शंभराला जातं. आजच्या परफ्यूमच्या किमती बघता त्यात काही फरक पडलेला नाही.

पण मला वराहमिहिराबद्दल सांगायचंय. सहाव्या शतकातला ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ असा एक अख्खा अध्याय आहे, सुगंधी मिश्रणं कशी करायची त्याचा. तिथे तो १६ द्रव्यं घेतो आणि विचारतो, त्यांतली चार-चार निवडून किती मिश्रणं होतील? उत्तर देतो १,८२०. आज अकरावीत आपण हेच १६ मधून ४ चं संचय काढतो. पुढे प्रत्येक चौकडीत कुठल्याचे किती भाग, याची उलटापालट धरून एका चौकडीचे ९६ प्रकार, म्हणजे एकूण १,७४,७२०.

आणि ही १६ द्रव्यं तो चार बाय चारच्या चौकोनात मांडतो. त्यांच्या भागांचे आकडे असे:

२ ३ ५ ८
५ ८ २ ३
४ १ ७ ६
७ ६ ४ १

आडवे घ्या, उभे घ्या, तिरपे घ्या, बेरीज १८. अत्तरवाल्याने कुठलीही रांग उचलली तरी मिश्रण १८ भागांचंच भरणार. मी हे वर्गात फळ्यावर मांडतो. मुलांना जादूचा चौरस माहीत असतो, पण तो वासासाठी मांडलेला होता म्हटलं की मागच्या बाकावरचेही माना वर करतात.

ओसरी | दुपारी ३.३०

अरे बापरे. मी सहा पुड्यांचा प्रश्न विचारला होता.

मास्तर, एक उपप्रश्न. आपण कपाळाला ‘गंध’ लावतो. देवाला ‘गंध-अक्षता-फूल’ वाहतो. म्हणजे इथेही वासाचाच शब्द वस्तूला लागलाय ना?

निवृत्त_मास्तर | दुपारी ४.१५

हो, आणि तिथे तर तो तीन घरं चालून गेलाय. आधी गंध म्हणजे नाकाला कळतो तो गुण. न्यायशास्त्रात पृथ्वीचं लक्षणच ‘गंधवती’ असं करतात आणि गंधाचे दोन प्रकार सांगतात, सुरभी आणि असुरभी. म्हणजे मुळात तो चांगलाच असला पाहिजे असं नाही. मग गंध म्हणजे उगाळलेलं चंदन. मग त्या चंदनाची कपाळावरची खूण. आता तर प्लास्टिकची टिकली चिकटवली तरी ‘छान गंध लावलंय’ म्हणतो. आणि वाक्प्रचारात तर नुसता मागमूस उरला: ‘मला त्याचा गंधही नव्हता’.

फारसीकडे गेलेला याचा भाऊबंद मात्र वाईट संगतीला लागला. तिथे ‘गंद’ म्हणजे दुर्गंधी, त्यावरून ‘गंदा’. तो फिरून आपल्याकडे आला आणि आता एकाच वाक्यात दोघे सुखाने नांदतात.

सोलापुरी_चादर | दुपारी ४.३०

‘वास’ तर आपल्या डोळ्यांदेखत बिघडला. आजी ‘वासाचं तेल’, ‘वासाचे तांदूळ’ म्हणायची आणि ते कौतुकाचं असायचं. आता ‘वास येतोय’ म्हटलं की समोरचा आधी स्वतःचे मोजे बघतो.

अवांतर: सुवासिनीचा सुवासाशी काही संबंध आहे का? हळदीकुंकवाला एक बाई ठासून सांगत होत्या, की जिच्या अंगाला सुवास ती सुवासिनी.

निवृत्त_मास्तर | दुपारी ४.४४

नाही. तो ‘वास’ राहण्याचा, वस्तीचा. मूळ अर्थ बापाच्या घरी राहणारी मुलगी, मग आदराने नवरा हयात असलेली स्त्री. सवाष्ण त्याचंच झिजलेलं रूप. हळदीकुंकवाच्या बायकांशी वाद घालायला मला पाठवू नका.

भेळभत्ता | दुपारी ४.५०

आणि गांधीलमाशी? ती पण अत्तरवाली का?

निवृत्त_मास्तर | दुपारी ५.००

ती चावली की अंगावर ज्या गांधी उठतात, त्या तुम्हाला उठल्या की कळेल. तो शब्द वेगळा.

माडाची_सावली | संध्याकाळी ७.१०

उशिरा आले, पण गोव्याची साक्ष काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

सोलापूरच्या ताई म्हणतात मराठीत परिमळ कोणी बोलत नाही. कोंकणीत बोलतात. आमच्या फोंड्याला ‘परमळ’ हा रोजचा शब्द आहे, ‘फुलांचो परमळ’. मधला इकार गळला एवढंच. आईला सुगंध वगैरे म्हटलं तर ती विचारील, रेडिओवर बोलतेस का?

आणि आमच्याकडे याचा छापील पुरावा आहे. फादर स्टीफन्स, इंग्लंडहून आलेला जेझुइट, १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या शाळेत सगळ्यांनी पाठ केल्या असतील. ‘जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी, कि परिमळांमाजि कस्तुरी’. आता इथे नीट बघा. ‘परिमळांमाजि’, अनेकवचन! फुलांमध्ये मोगरी तशी परिमळांमध्ये कस्तुरी. इथे परिमळ म्हणजे वास नव्हे. वासाची वस्तू. कस्तुरी हा एक परिमळ, केशर दुसरा, कापूर तिसरा. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी गोव्यात ‘परिमळ’ हा मोजता येणारा जिन्नस होता.

ओसरीताई, हे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. ‘नाना परिमळ’ म्हणजे नाना तऱ्हेचे वास नव्हेत, नाना तऱ्हेचे सुगंधी जिन्नस.

ओसरी | संध्याकाळी ७.२५

हे फार आवडलं. ओवी पाठ होती, पण अनेकवचनाकडे कधी लक्षच गेलं नाही.

निवृत्त_मास्तर | रात्री ८.३०

माडाची सावली, दंडवत. माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

संस्कृतात हे दोन्ही अर्थ आहेतच. मोनिअर-विल्यम्सच्या कोशात परिमलाचे अर्थ असे: सुगंध, सुगंधी पदार्थ (विशेषतः चुरडल्यामुळे येणारा), स्त्री-पुरुषांचा संग, विद्वानांची सभा आणि मळ किंवा डाग. शेवटचा वाचून दचकू नका, ‘मल’ त्यात दिसतोच आहे.

ज्ञानेश्वरांपर्यंत येईतो मात्र अमरकोशाचं घासणं मागे पडलेलं दिसतं. ‘अवचिता परिमळू, झुळकला अळुमाळू’. तिथे कोणी काही उगाळत नाही. वाऱ्याच्या झुळकेवर आलाय, अळुमाळू, किंचित. अमरसिंह काटेकोर असता तर म्हणाला असता, हा आमोद. पण ‘अवचिता आमोदू’ म्हणून बघा बरं. ‘मळू’ आणि ‘माळू’ जी जवळीक करतात ती गेली.

भेळभत्ता | रात्री ८.३४

विद्वानांची सभा म्हणजेही परिमळ!! मग हा धागाच परिमळ झाला. आणि आमची सोसायटी ‘मळ किंवा डाग’ या अर्थाने. सगळं जुळलं.

शून्य_बाकी | रात्री ८.५०

पण ‘परिमळ’ची फोड काय? परि + मल? चोहीकडून मळ?

निवृत्त_मास्तर | रात्री ९.४०

इथे थोडा धीर धरून लिहितो.

धातुपाठात ‘मल’ धातू ‘धारण करणे’ या अर्थी आहे, त्यावरून ‘चोहीकडून धरून राहतो तो’ अशी फोड करता येते. पण मला दुसरी वाट जास्त पटते. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘मृद्’, म्हणजे चुरडणे, या धातूला प्राकृतात जे आदेश (त्याच्या जागी येणारी रूपं) सांगितलेत त्यांत पहिलाच ‘मल’ आहे. आता अमरकोशाचा ‘विमर्दोत्थ’ आठवा. विमर्द त्याच ‘मृद्’पासून. कोशकार अर्थ सांगताना ‘मृद्’ वापरतो आणि शब्दात ‘मल’ बसलेला. बोलीतलं रूप संस्कृतात जाऊन बसलं असावं असं माझं मत.

आणि तोच ‘मल’ आपल्या स्वयंपाकघरात आहे. कणीक मळणे. खळ्यावरची मळणी. तंबाखू मळणे! माझे वडील तळहातावर चुना-तंबाखू मळून टाळी द्यायचे, की जो काय भपकारा यायचा… अमरसिंहाच्या व्याख्येने तो शुद्ध परिमळ, फक्त ‘जनमनोहर’ या शब्दावर माझ्या आईचा आक्षेप असे. (कपडे मळतात तो मळ वेगळा, त्याची याच्याशी गल्लत नको.)

फाया | रात्री १०.०५

मास्तर, तंबाखूचा दाखला आजोबांना फार आवडला असता.

लेणीफिरस्ता | रात्री १०.३०

पुण्यातल्यांसाठी एक भर. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे एकेकाळचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी भारतीय सुगंधशास्त्राच्या इतिहासावर बरंच लिहून ठेवलंय. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ त्यांनी उजेडात आणले. यातल्या ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे. म्हणजे अत्तरं कशी करायची हे कोणीतरी मराठीतून समजावून सांगत होतं. त्याही आधी, साधारण ११३० च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ केला, त्यात राजाचे उपभोग सांगताना विलेपन आणि धूप यांना स्वतंत्र जागा आहे. कोणत्या ऋतूत अंगाला काय फासायचं, याचीसुद्धा राजाला चिंता.

मस्कतवासी | रात्री ११.१५

अबीराच्या रंगाचं कोणी बोललंच नाही. ओसरीताईंचा काळा. इथले माझे गुजराती शेजारी ‘अबील’ म्हणतात आणि त्यांचा पांढराशुभ्र. उत्तरेकडचे होळीला उधळतात तो लाल-गुलाबी. अरबी शब्दात रंगाचा पत्ताच नाही. ज्याने त्याने आपल्या देवाला शोभेल तो रंग दिलाय.

सोलापुरी_चादर | रात्री ११.२२

आपला काळा तो विठोबाचा बुक्का. पंढरपुरात गल्लीत शिरलं की आधी त्याचाच वास येतो. कोळशाची पूड, त्यात नागरमोथा, कापूरकचरी, वाळा, चंदनाचा भुसा. चांगला बुक्का कपाळाला लावला की संध्याकाळपर्यंत टिकतो, आणि उशीच्या अभ्र्यावर त्याहून जास्त.

गुलाबाची गोष्ट सांगून झोपते. फारसी ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात फुलाचं पाणी, लग्नात शिंपडतात ते. आपण ते नाव झाडावरच्या फुलाला दिलं. मग पाण्याला नाव उरेना, म्हणून म्हणायला लागलो ‘गुलाबपाणी’. म्हणजे फूल-पाणी-पाणी.

भेळभत्ता | रात्री ११.२५

आमच्या दुधवाल्याची कृती पण हीच.

ओसरी | पुढचा शनिवार, दुपारी १२.३०

धागा वर काढतेय, कारण प्रयोग केला.

मास्तरांचं ‘विमर्दोत्थ’ डोक्यात बसलं होतं. म्हणून एका पूजासाहित्याच्या दुकानातून चंदनाचं खोड आणलं. दुकानात नाकाशी धरलं तर काय घमघमाट! घरी सहाणेवर उगाळलं. पहिल्या दोन वेढ्यांत वास होता, तिसऱ्यापासून नुसतं ओल्या लाकडाचं पाणी. नवऱ्याने खोडाचा काप काढून बघितला. आत पांढरंफटक, वास शून्य. वरून अत्तर चोपडलेलं होतं. म्हणजे अमरकोशाच्या बरोबर उलटं: न घासता येतो, घासलं की जातो.

मग काल वाईला आईकडे गेले होते. तिच्या देवघरात आजीच्या वेळचा तुकडा आहे, झिजून अंगठ्याएवढा उरलेला, एका बाजूला तिरपा. नुसता हुंगला तर खरंच काही विशेष नाही, जुन्या कपाटासारखा. सहाणेवर पळीभर पाणी घातलं आणि गोल गोल फिरवत राहिले. मिनिटभर काहीच नाही. मग पाण्याला पिवळसर सायीसारखा दाटपणा आला आणि त्याच्याबरोबर वास. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आज कोण उगाळतंय गं?’ तिला तिथे पोचला होता.

निवृत्त_मास्तर | दुपारी १२.५०

आईंना नमस्कार सांगा. स्वयंपाकघरापर्यंत गेला म्हणजे अमरसिंहाकडून आमोदाचाही दाखला मिळाला.

चंदनाचा वास गाभ्यात असतो, बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं. तुम्हाला दुकानदाराने साल-लाकूडच गळ्यात मारलं. पुढच्या वेळी घेताना टोक पाण्याने ओलं करून तिथेच दगडावर चार वेढे घ्या. विकणाऱ्याचा चेहराही बघा.

फाया | दुपारी १.१०

आणि आजीचा तुकडा उगाळून झाला की पुसून सावलीत ठेवा. ओला डबीत कोंबू नका, उन्हातही नको, तडकतो. सहाणेवर उरलेलं गंध वाळलं तर खरवडून डबीत टाका, आमची आजी ते कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची.

ओसरी | दुपारी १.१५

सहाण आईने धुऊन टाकली हो.